मनकर्णाबाईंची प्रतिक्रिया

मनकर्णा दहावी पास होऊन सासरी आली तेव्हा गावात एकच पेपर यायचा. तो ग्रामपंचायतीत पडायचा आणि तिथं बायका जात नसत. गाव आखाडा बाळापूरपासून पाच किलोमीटर. तिचा नवरा संतराम बाजारातून यायचा तेव्हा भाजीपाला, गूळ, खिळे बांधून दिलेले पेपरचे तुकडे घरात यायचे. मनकर्णा ते चुलीपुढं हाताने सरळ करून वाचायची आणि मधेच म्हणायची, "हे खोटं आहे."

संतराम विचारायचा, कशावरून?

"दिसूनच राहिलं की," ती म्हणायची, आणि भाकरी उलटायची.

१९९४ साली तिने पेपरला पहिलं पत्र लिहिलं. फाट्यावर एसटी थांबत नाही, बाईने लेकरू कडेवर घेऊन हात दाखवला तरी ड्रायव्हर पुढं बघतो, असं ते होतं. पत्र छापून आलं. बारा ओळींच्या चार झाल्या होत्या आणि लेकरू गाळलं होतं, पण खाली तिचं पूर्ण नाव होतं. एसटी थांबायला लागली नाही. मनकर्णा मात्र पत्रं लिहायला लागली. पुढच्या आठ वर्षांत तिने एकेचाळीस पत्रं लिहिली, त्यातली तीन छापून आली. तिसरं आलं तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झाला होता, पण पेपरवाल्यांनी तिच्या नावापुढं परभणीच छापलं. तिने त्याबद्दलही पत्र लिहिलं. ते छापलं नाही. मग तिने पत्रं बंद केली. आंतरदेशीय पत्र आणायची बाळापूरला जाणाऱ्या कोणालातरी आठवण करायची, मग त्याने आणलं का विचारायचं, याचाही तिला कंटाळा आला होता.

तिचे दिवस बाकीच्या बायकांसारखेच होते. सकाळी पाणी, भाकरी, शेण, मग शेत, मग परत पाणी, परत भाकरी. दिवसभरात तिला कोणी विचारलं तर एवढंच विचारायचे, की मीठ कुठंय, दोरी कुठंय, जेवायला किती वेळ. तिला काय वाटतं हे विचारायची कोणाला गरज पडत नसे.

२००८ साली तिची मुलगी कोमल बाळापूरला अकरावीला जायला लागली. त्याच वर्षी तिथं स्टँडसमोर नेट कॅफे निघालं होतं. प्लायवूडचे तीन कप्पे, तीन कॉम्प्युटर, आणि लाईट गेली की सगळ्यांनी बाहेर येऊन उभं राहायचं. एका बाजारच्या दिवशी कोमलने आईला आत नेलं आणि पेपर उघडून दाखवला. त्याच दिवसाचा, कोरा, ना तेलाचा डाग ना गुळाचा. बातमी संपली तिथं खाली एक चौकोन होता. आपली प्रतिक्रिया लिहा.

"कोण लिहायचं?" मनकर्णाने विचारलं.

"कोणीबी," कोमल म्हणाली. "इंग्रजी अक्षरं दाब, मराठी उमटतं."

बातमी भारनियमनाची होती. मनकर्णाने एका बोटाने पाऊण तास लावून सहा ओळी लिहिल्या आणि खाली नाव टाकलं, मनकर्णा, आखाडा बाळापूर. पुढच्या बाजारी ती परत गेली. सहाच्या सहा ओळी तिथं होत्या. एक अक्षर कोणी कापलं नव्हतं. खाली सात जणांनी उत्तरं दिली होती. एकाने लिहिलं होतं, ताई, अगदी बरोबर. एकाने लिहिलं होतं की खेड्यातल्या बायकांना आकडे टाकून वीज वापरायची सवय असते, त्यांनी बोलू नये. मनकर्णाने दोन्ही दोनदा वाचलं. दुसऱ्याचा तिला राग आला, पण परतीच्या जीपमध्ये तिच्या लक्षात आलं की तो राग घरच्या रागासारखा जड नव्हता. घरी तिचं बोलणं इतकं नीट ऐकून कोणी चिडत नसे.

त्यानंतर तिचा बाजार बदलला. आधी नेट कॅफे, मग भाजी. संतराम कुरकुरला नाही. पारावर लोक त्याला म्हणायचे की तुझी बायको इंटरनेटवर लिहिते म्हणे, ते त्याला आवडायचं. बातम्यांखाली प्रतिक्रिया लिहिणाऱ्या लोकांची मनकर्णाला हळूहळू ओळख झाली. काही जण नुसते भांडायला यायचे. काही जण कोणत्याही बातमीखाली एकच मजकूर चिकटवायचे. ती कोमलला म्हणायची, अर्ध्यांनी बातमी वाचलेलीच नसते. कोमलने एकदा विचारलं, तू वाचतेस का सगळी? मनकर्णा म्हणाली, मला मथळ्यावरून कळतं.

२००९च्या जूनमध्ये शाळा उघडली. संतराम त्या वर्षी गावच्या शिक्षण समितीचा अध्यक्ष होता. सुट्टीत उंदरांनी शाळेच्या खोलीतली तांदळाची पोती कुरतडली होती, तांदूळ जमिनीवर सांडत होता. हेडगुरुजींनी संतरामकडं पोती मागितली, संतरामने मनकर्णाला सांगितलं. घरी हळदीची लागवड नुकतीच उरकली होती आणि पोती मोकळी झाली होती. मनकर्णाने तीन निवडली, हौदावर धुतली आणि शाळेत पाठवून दिली. तो बाजारचा दिवस होता.

आठ दिवसांनी शाळेतली खिचडी खाऊन तेवीस पोरांना उलट्या झाल्या. दोन जीपमधून त्यांना बाळापूरच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी परत आली, मलूल, पण चालत. खिचडी तांड्यावरची मिराबाई शिजवायची. तांडा गावाला लागूनच, पोरं सगळी एकाच शाळेत. तिथल्या दहा बायकांचा बचत गट होता, खिचडीचं काम गटाचं होतं आणि गटात ते करणारी मिराबाई. तिच्या नवऱ्याचा, उत्तमसिंगचा, ऊसतोडीला पाय गेल्यापासून घरात पैसा आणणारं कायमचं असं तेवढंच काम होतं.

बातमी पेपरात आली आणि नेटवरही आली. खाली चौकोन होताच. मनकर्णा बाजाराच्या दिवसाचीही वाट न बघता कोमलबरोबर बाळापूरला गेली. तिच्या गावाचं नाव पहिल्यांदाच तिथं आलं होतं आणि गावचं म्हणून बोलणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. तिने लिहिलं, गटाच्या बायका हात धुत नाहीत, भांडी राखेनं घासून तशीच पालथी घालतात. मी त्याच गावची आहे, रोज पाहते.

शाळेच्या चुलीपाशी ती शेवटची कधी गेली होती ते तिला आठवलंही नसतं. कोमल गावच्या शाळेत होती तेव्हा केव्हातरी.

चार दिवसांत त्या बातमीखाली साठ प्रतिक्रिया झाल्या. लोक लिहीत होते, गावच्याच ताई सांगत आहेत, आणखी काय पुरावा पाहिजे. कोणी मिराबाईच्या जातीवर गेलं होतं. कोणी तिला तुरुंगात घालायला सांगत होतं. केंद्रप्रमुखांनी ते पान छापून आणलं आणि हेडगुरुजींना म्हणाले की गावातूनच तक्रार आहे, तर समितीचा ठराव करून गट बदलून टाका. सोमवारी बैठक ठरली. संतरामने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात थोडा मान होता. "तुझ्या लिहिण्यावर साहेब चालून राहिले," तो म्हणाला.

पण त्या साठांत एक निराळी प्रतिक्रिया होती. नाव होतं गोपीचंद, वसमत. मनकर्णाच्या लिहिण्याच्या बरोबर खाली.

"ताई, रोज पाहता म्हणजे कुठून पाहता? जेवल्यावर किती वेळाने उलट्या झाल्या? अस्वच्छतेने किंवा शिळ्याने झाल्या असत्या तर पोरं घरी गेल्यावर झाल्या असत्या. तांदळाला वास होता का? शिजवणाऱ्या बाईला कोणी विचारलं का?"

मनकर्णाला ते आवडलं नाही. तिने उत्तर लिहिलं की वसमतला बसून चौकशा करणं सोपं असतं. पुढच्या वेळी त्याचं उत्तर आलेलं होतं, आणि त्यात राग नव्हता. "खरं आहे, मी लांब आहे म्हणून विचारतो. तुम्ही जवळ आहात."

ती घरी आली आणि दोन दिवस काम करत राहिली. भाकरी थापताना, गोठा झाडताना ते वाक्य परत परत येत होतं. तिला ते कोणाला सांगता येत नव्हतं, कारण सांगितलं तर उत्तरही द्यावं लागलं असतं. उलट्या कधी झाल्या हे तिला माहीत होतं. पोरांनी ताटल्याही धुतल्या नव्हत्या, तेव्हाच झाल्या होत्या. रविवारी दुपारी ती तांड्यावर गेली.

मिराबाई दारात पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मनकर्णाला बघून ती उठली नाही. बसा असंही म्हणाली नाही. मनकर्णा उंबऱ्याच्या बाजूला टेकली आणि तिने थोड्या शेंगा पुढ्यात ओढल्या.

"मिराबाई, तांदळाला वास व्हता का?"

मिराबाईने दाणे सुपात टाकले. "आज इचारून राहिल्या, काकू."

"आज इचारते."

"व्हता. शिजायला लागला तसा आला. फवारणीच्या औषधावानी. गुरुजीला सांगितलं तर म्हणले, सरकारी तांदूळ असाच राहते. चार पाण्यानं धुतला मी. मग आधी मी खाल्ला, पोरायला नंतर वाढला. मलाबी उलटी झाली. दवाखान्यात पोरायची नावं लिहिली, माझं कोण लिहिणार." तिने आतल्या अंधाराकडं मान केली. तिथं तिची मुलगी निता झोपली होती. "ही तेविसातलीच हाय. मी काय हिला शिळं घालीन?"

मनकर्णाने हातातली शेंग परत ढिगात टाकली.

"तुमी रोज पाहता म्हणून लिहिलं," मिराबाई म्हणाली. "गुरुजींनी वाचून दाखवलं मला. मी तुमाला कधी पाहिलं न्हाई तिथं."

 मनकर्णाने विचारलं की तो तांदूळ कोणत्या पोत्यातला. मिराबाई म्हणाली, नव्या पोत्यांतलं एक, ते त्या दिवशी रिकामंच झालं, तिथंच पडलंय. किल्ली तिच्याकडं होती. दोघी शाळेत गेल्या, एकीमागं एक, मधे अंतर ठेवून. खोलीच्या कोपऱ्यात तीन पोती होती, दोन भरलेली आणि एक चुरगळून टाकलेलं. मनकर्णाने ते उलगडलं. पोत्याच्या कानाला निळ्या सुतळीचा टाका होता.

अडतीकडं हळद गेली की पोती एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक घराची काहीतरी खूण असते. निळा टाका तिच्या घरचा होता. तो तिनेच घातला होता. तिने पोतं नाकाशी नेलं आणि लगेच बाजूला केलं. लागवडीआधी हळदीचं बेणं कीडनाशकात बुडवून काढतात आणि निथळायला पोत्यावर टाकतात, त्याच पोत्यातून शेतात नेतात. हे हिंगोली जिल्ह्यात शेंबड्या पोराला माहीत असतं. पोती धुतली की झालं, हेही सगळ्यांना माहीत असतं. टाकून कोणी देत नाही.

दोन पोती तिने सोडा लावून, दगडावर आपटून धुतली होती. तिसऱ्याची पाळी आली तेव्हा फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला होता. त्या दिवशी तिच्या एका प्रतिक्रियेवर मागच्या बाजारापासून वाद चालला होता आणि तिला त्याची उत्तरं बघायची होती. तिसरं पोतं तिने हौदात बुचकळून काढलं होतं.

मिराबाईने तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं, टाक्याकडं पाहिलं. खूण कोणाची हे तिला विचारावं लागलं नाही, तिने त्या शेतात लागवडीला रोजाने काम केलं होतं. ती एवढंच म्हणाली, "कुलूप लावायचं हाय मला." पोतं मनकर्णाने बरोबर घेतलं.

घरी तिने ते संतरामपुढं ठेवलं. तो बराच वेळ टाका बोटाने चाचपत राहिला. मग म्हणाला, "धुतलं व्हतंस ना?"

"दोन धुतली. हे बुचकळलं."

"पोरं बरी झाली," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आता हे काढलं तर समितीत मी हाय, पोती आपली हायत, लिहिणारीबी तूच. तीनी बाजूनं आपणच. गटाच्या बायांना दुसरीकडं काम मिळंल."

"कुठं?"

 जेवताना संतरामने विचारलं की हे तुला कोणी सांगितलं, मिराबाईने का? ती म्हणाली, वसमतच्या एका माणसानं विचारलं होतं. संतरामला वाटलं ती नीट सांगत नाही. तो ताटावरून लवकर उठला. मनकर्णाने त्याच्या ताटातली उरलेली भाकरी खाल्ली, भांडी घासली, आणि पोतं वळचणीला टांगून ठेवलं, घरात आणलं नाही.

सोमवारी अकराला शाळेत बैठक बसली. समितीत कागदावर एक बाई होती, तिची सही घरी जाऊन घ्यायची पद्धत होती. मिराबाई बाहेर कडुलिंबाखाली उभी होती. केंद्रप्रमुखांच्या हातात छापलेलं पान होतं. मनकर्णा आत आली तेव्हा त्यांना वाटलं, तक्रारदार म्हणून आली. त्यांनी खुर्ची द्यायला सांगितली.

ती बसली नाही. तिने पोतं टेबलावर ठेवलं.

"हे आमच्या घरचं हाय. याच्यात हळदीचं औषधातलं बेणं व्हतं. धुवायला मी व्हते आणि मी नीट धुतलं न्हाई. शाळेचा तांदूळ याच्यात भरला."

केंद्रप्रमुखांनी पानाकडं बघितलं. "पण हे तुम्हीच लिहिलं ना? रोज पाहते म्हणून?"

"मीच लिहिलं. पाहिलं नव्हतं."

 संतराम खिडकीतून बाहेर बघत होता. जळबा नावाचा एक म्हातारा सभासद होता, त्याला शांतता सहन होत नसे. तो म्हणाला, "वहिनी, आता हेबी टाका पेपरात." दोघं-तिघं हसले आणि गोष्ट हलकी झाली. पोतं उचलून हेडगुरुजींनी व्हरांड्यात ठेवलं. मग तासभर चर्चा झाली ती ठरावाच्या शब्दांची. शेवटी लिहिलं गेलं की तांदळाच्या साठवणुकीत त्रुटी आढळली, यापुढे दक्षता घ्यावी. पोतं कोणाचं ते आलं नाही. वासाची तक्रार गुरुजींकडं झाली होती हे आलं नाही. काम पुढील आदेशापर्यंत त्याच गटाकडं ठेवलं. केंद्रप्रमुखांनी छापलेलं पान घडी करून फाईलमध्ये ठेवून दिलं. ते फाडावं असं कोणाला सुचलं नाही, आणि मनकर्णाला मागता आलं नाही.

मंगळवारी मिराबाईने चूल पेटवली. आधी तिने उरलेल्या दोन्ही पोत्यांतला तांदूळ खोलीबाहेर काढायला लावला, आणि गुरुजी नको म्हणत असताना दारात उभी राहिली. मनकर्णाशी ती नंतर कधी नीट बोलली नाही. हळदीच्या खुरपणीलाही त्या वर्षी दुसऱ्या शेतात गेली. रस्त्यात समोरासमोर आल्या की, बऱ्या हाव का, व्हय, एवढंच.

घरात संतराम महिनाभर कामापुरतं बोलला. पारावर आता त्याला बायकोच्या लिहिण्याबद्दल कोणी काही म्हणत नव्हतं.

जळबा गमतीने बोलला होता, पण मनकर्णा त्याच आठवड्यात बाळापूरला गेली. आधी तिने कॅफेवाल्याला विचारलं की जुनी प्रतिक्रिया पुसता येते का. तो म्हणाला, आपल्याकडून नाही, पेपरवाल्यांना कळवावं लागतं. तिने कोमलकडून कळवलं. उत्तर आलं नाही. मग जुन्या बातमीच्या तळाशी, साठांच्या खाली, तिने नवीन लिहिलं. मी मनकर्णा, वर लिहिलेलं मी पाहिलेलं नव्हतं. पोतं आमचं होतं. त्यात औषध लावलेलं बेणं होतं, ते धुतलं होतं पण नीट धुतलं नाही. बाईची चूक नाही, तिने वास आल्याचं सांगितलं होतं. सगळं लिहायला दीड तास लागला. मधे एकदा लाईट गेली आणि परत पहिल्यापासून लिहावं लागलं.

पुढच्या बाजारी चारच उत्तरं होती. लोक नव्या बातम्यांवर गेले होते. एकाने लिहिलं होतं, ही बाई प्रसिद्धीसाठी काहीही लिहिते. एकाने विचारलं होतं, मग आधी काय झोपल्या होत्या? तिसऱ्याने काही न वाचता परत मिराबाईलाच शिव्या दिल्या होत्या. कोमल म्हणाली, चल आई, काही उपयोग नाही, जीप भरत आली.

चौथं गोपीचंदचं होतं. त्याने शाबासकी दिली नव्हती.

"धुतलं होतं म्हणता, तर कशाने धुतलं, आणि किती दिवस वाळवलं? आमच्याकडेही हीच पोती धान्याला वापरतात. माझ्या घरीही आहेत. म्हणून विचारतो."

मनकर्णा ते वाचून खुर्चीत मागं टेकली. तिला फार दमल्यासारखं झालं. मग ती पुढं झाली आणि एकेक अक्षर शोधून लिहायला लागली. नुसत्या पाण्याने. वाळवलं नाही. घाई होती.

कोमल पाठीमागून वाचत होती. "घाई कसली, तेबी इचारंल बघ तो," ती म्हणाली.

मनकर्णाने होकारार्थी मान हलवली. बाहेर जीपवाला फाट्याच्या गावांची नावं ओरडत होता. तिने बोट परत अक्षरांवर नेलं आणि लिहिलं, इथे यायची.